लॅपटॉप पुसण्याआधी

 

२०२५ मध्ये थँक्सगिव्हिंगचा सोमवार १३ ऑक्टोबरला आला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवार १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ला निरोप दिला. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम दहा वर्षं आपल्या घरांत नांदली. निरोप दिला म्हणजे तुमचा लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला असं नाही. तो पूर्वीसारखाच चालू होतो, त्यावर लोकसत्ता वाचता येतो, बँकेचं खातंही उघडतं. पण सिस्टिममध्ये एखादी नवी फट सापडली, तर ती बुजवणारी दुरुस्ती आता आपोआप येणार नाही. घराचं कुलूप शाबूत आहे, पण कुलूपवाला गाव सोडून गेला आहे, असं समजा.

म्हणून या दिवाळीत अनेक घरांत एकच संवाद होणार. मुलगा किंवा मुलगी वीकएंडला वॉटर्लूहून, ऑटव्हाहून घरी येणार, आईबाबांचा लॅपटॉप उघडणार, तो सुरू व्हायला लागणारी पाच मिनिटं बघून कपाळाला हात लावणार आणि म्हणणार, “बाबा, किती स्लो झालाय हा! आज रात्री सगळं वाइप करून फ्रेश इन्स्टॉल करून देते.” बाबा खूश, आई खूश, आणि जेवण होऊन मागचं आवरेपर्यंत काम फत्ते.

ते काम कसं करायचं हे मी या लेखात सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विंडोज पुन्हा मिळते, तीही फुकट. ड्रायव्हर पुन्हा मिळतात, तेही फुकट. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तुम्ही त्या डिस्कवर मराठीत जे लिहिलंत, ते मात्र बहुधा दुसरीकडे कुठेच नसतं. आणि जी मुलगी एवढ्या मायेने डिस्क पुसायला बसते, तिला समोरची फाइल मराठी आहे हे ओळखूच न येण्याची दाट शक्यता असते. का, ते पुढे येईल.

आधी ठरवा: पुसायलाच हवं का?

विंडोज १० असलेल्या माणसापुढे आज चार वाटा आहेत.

पहिली वाट विंडोज ११ ची. ती चालायला ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. ‘पीसी हेल्थ चेक’ हा मायक्रोसॉफ्टचा छोटा प्रोग्रॅम तुमचं यंत्र पात्र आहे की नाही ते मिनिटभरात सांगतो. पात्र असेल तर काहीही न पुसता विंडोज १० वरून थेट ११ वर जाता येतं. फाइली, प्रोग्रॅम, फॉन्ट सगळं जागच्या जागी राहतं. पुष्कळ घरांचं काम एवढ्यावरच भागतं.

दुसरी वाट मुदतवाढीची. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग्ज जोडून ठेवल्यात तर ही सोय फुकट आहे, नाहीतर ३० अमेरिकन डॉलर. यंत्र जुनं असेल आणि मनाची तयारी झालेली नसेल, तर ही वाट धरा. घाईने पुसण्यापेक्षा सावकाश आवरण्यासाठी वेळ मिळतो.

तिसरी वाट लिनक्सची. ‘लिनक्स मिंट’ किंवा ‘उबुंटू’ जुन्या लॅपटॉपवर छान चालतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. पेन ड्राइव्हवरून ते नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, टचपॅड चालतात का ते बघायचं आणि मगच ठरवायचं.

चौथी वाट म्हणजे यंत्राला निवृत्ती. तिच्याबद्दल शेवटी.

एक मधली युक्ती सांगतो. लॅपटॉप संथ होण्याचं कारण पुष्कळदा विंडोज नसतं, आतली जुनी फिरती हार्ड डिस्क असते. ती काढून तिथे एसएसडी बसवली की दहा वर्षांचं यंत्रही तरतरीत होतं. नवी सिस्टिम नव्या एसएसडीवर घालायची आणि जुनी डिस्क न पुसता, नाव-तारीख लिहून कपाटात ठेवायची. काही राहून गेलं असेल तर ते तिथे सापडतं. ज्या लॅपटॉपची डिस्क बदलता येते त्यांच्यासाठी मी नेहमी हाच सल्ला देतो.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

सुपर व्हिसावर आलेली आजी डॉक्टरकडे जाते. आजीला मराठी येतं, डॉक्टरांना इंग्रजी. मधे नात बसते. आजी म्हणते, “पोटात कळ येते,” आणि नात ते डॉक्टरांना समजेल असं सांगते. आजी तीच, डॉक्टर तेच, पण नात त्या दिवशी शाळेत असेल तर तपासणी होत नाही.

ड्रायव्हर ही ती नात. विंडोजला फक्त “आवाज काढ”, “चित्र दाखव”, “वाय-फाय शोध” एवढंच म्हणता येतं. तुमच्या यंत्रात बसलेली आवाजाची चिप एका कंपनीची, वाय-फायची दुसरीच्या, टचपॅड तिसरीचं. प्रत्येकीची बोली वेगळी. विंडोजचं म्हणणं त्या त्या बोलीत सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. सिस्टिम पुसली की जुने दुभाषेही जातात. नव्या विंडोजमध्ये पुष्कळसे आधीच असतात, काही ती इंटरनेटवरून आणते. प्रश्न येतो तो वाय-फायचा ड्रायव्हर नसला तर. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही! यावरचा उपाय पुसण्याआधीच करून ठेवायचा असतो. तो पुढे सांगतो.

डिस्कवर काय काय आहे?

कागद-पेन घ्या आणि यादी करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे चार फोल्डर सगळ्यांना आठवतात. त्याखेरीज:

सी ड्राइव्हच्या मुळाशी किंवा डी ड्राइव्हवर स्वतः केलेले फोल्डर. ‘जुनं’, ‘मंडळ’, ‘नाटक’ अशा नावांचे.

प्राप्तिकराच्या फाइली. आपल्या सीआरएचा नियम असा, की कागदपत्रं ज्या करवर्षाची असतील ते वर्ष संपल्यापासून सहा वर्षं जपायची. करभरणीच्या प्रोग्रॅमने केलेली मूळ फाइल आणि तिची पीडीएफ, दोन्ही घ्या.

संगणकावर उतरवून ठेवलेली ई-मेल. जीमेल ब्राउझरमध्ये वाचत असाल तर काळजी नाही. आउटलुकमध्ये जुन्या नोकरीची किंवा बंद झालेल्या खात्याची पत्रं असतील, तर ती फक्त या डिस्कवर असू शकतात.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क.

ज्यांना किल्ली लागते असे प्रोग्रॅम. विंडोजची किल्ली शोधू नका. विंडोज १० चा परवाना यंत्राशीच जोडलेला असतो आणि पुन्हा घातल्यावर तो आपोआप ओळखला जातो. मात्र पेटीतून विकत घेतलेल्या जुन्या ऑफिसचा किल्लीचा कागद सापडतो का ते बघा.

डिस्कवर ‘बिटलॉकर’चं कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी काढून कागदावर लिहा.

आता बॅकअप. “माझं सगळं वनड्राइव्हवर आहे,” असं सांगणारे भेटतात. फुकटच्या खात्यात ५ जीबी मावतात, आणि एका लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा असतो. तेव्हा एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी आणखी कुठेतरी, अशा दोन प्रती हव्यात. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा, चार-पाच फाइली उघडून बघा, मग बॅकअप झाला म्हणा.

जुने फॉन्ट, जुनं मराठी

आता मूळ मुद्दा.

आज फोनवर आपण सहज मराठी लिहितो. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं ते इतकं सोपं नव्हतं. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या वेळी नेहमीच्या वापरात फार तर २५६ आकडे होते आणि ते रोमन अक्षरांनी व युरोपीय चिन्हांनी व्यापलेले होते. देवनागरीला जागा नव्हती. मग आपल्याकडच्या हुशार मंडळींनी एक युक्ती काढली. आकडा रोमन अक्षराचाच ठेवायचा, पण फॉन्टमध्ये त्या जागी मराठी अक्षराचं चित्र काढायचं. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं, पडद्यावर मात्र ‘स.न.वि.वि.’ दिसतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, किरण हे सगळे फॉन्ट याच युक्तीवर चालले. कित्येक पुस्तकं, लग्नपत्रिका आणि आपल्यासारख्या मंडळांचे अंक त्यांवर निघाले. त्यांचे उपकार मोठे आहेत.

अडचण अशी, की कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. श्री-लिपीत लिहिलेली फाइल शिवाजीत वाचता येत नाही. आणि फॉन्टच नसेल तर संगणक आपला मूळ धर्म पाळतो, तो रोमन अक्षरं दाखवतो. सोबत कंस, टक्क्याचं चिन्ह आणि डोक्यावर टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं. कॅनडात वाढलेल्या नातवाला प्रामाणिकपणे वाटतं, की आजोबा फ्रेंच शिकत होते आणि त्यांना ते जमलं नाही! किंवा त्याला वाटतं फाइल करप्ट झाली आहे. करप्ट फाइल कोण जपून ठेवतो?

ती फाइल म्हणजे आजोबांनी सायगावच्या बालपणाबद्दल लिहिलेली चाळीस पानं असू शकतात. आजीने फोनवरून विचारून उतरवून घेतलेल्या पाककृती असू शकतात. १९९८ च्या गणेशोत्सवात बसवलेल्या एकांकिकेची संहिता असू शकते. विंडोज नव्याने घातली की हे फॉन्ट जातात, कारण ते विंडोजचे नाहीत, तुम्ही कधीतरी घातलेले आहेत. काहींचे परवाने डोंगलवर चालत, आणि ती डोंगल आज बहुधा सापडत नाही.

यावरचा कायमचा इलाज म्हणजे युनिकोड. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक भारतात तयार झालं होतं. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची १२८ घरं आहेत. ‘क’चा आकडा २३२५, आपल्या ‘ळ’चा २३५५. हे आकडे जगात दुसऱ्या कुठल्याही अक्षराचे नाहीत. त्यामुळे फॉन्ट कोणताही असो, ‘ळ’ हा ‘ळ’च राहतो. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय २००० साली आलेल्या ‘विंडोज २०००’ पासून सुरू झाली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशी यांनी केला, म्हणजे तेच ते कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईत शिकवणारे. २००८ मध्ये ते गेले. जगभरच्या विंडोजवर वर्षानुवर्षं मराठी दिसलं ते त्यांच्या अक्षरांत.

म्हणजे तुमच्या डिस्कवर दोन तऱ्हेचं मराठी असू शकतं. युनिकोडमधलं, ज्याला धोका नाही, आणि जुन्या फॉन्टमधलं, ज्याला आहे. ओळखायचं कसं? फाइल उघडा, मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून ‘एरियल’ करा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड. रोमन खिचडी झाली तर जुना फॉन्ट. बदल न साठवता फाइल बंद करा.

जुन्या फॉन्टच्या फाइलींसाठी पुसण्याआधी तीन कामं करा, याच क्रमाने.

एक: प्रत्येक फाइल, ती आज नीट दिसते त्याच यंत्रावर उघडा आणि प्रिंट देताना ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून पीडीएफ करा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाइलीतच बांधले जातात. मग फॉन्ट असो-नसो, वाचता येतं. तिच्यात शोध घेता येणार नाही, पण मजकूर वाचला. झालेली पीडीएफ फोनवर उघडून खात्री करा.

दोन: विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून ते जुने फॉन्ट कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवा. फॉन्टच्या फाइली छोट्या असतात आणि नंतर शोधायला महाग पडतात.

तीन: सवडीने मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करा. प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा परिवर्तक लागतो आणि बरेचसे फुकट मिळतात. मात्र नंतर एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर येते, त्यामुळे ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफार चुकतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा ‘ऱ’ तर हमखास चुकतो. हे काम मराठी येणाऱ्यानेच करायचं आहे. म्हणून ते तुम्ही-आम्ही असेपर्यंत झालेलं बरं.

पेजमेकरमध्ये केलेले जुने अंक घरात असतील तर तेही विसरू नका. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये निघाली. ती ज्या यंत्रावर अजून उघडते, त्यावरूनच पीडीएफ काढून घ्यावी.

प्रत्यक्ष काम

हे सगळं झालं की मग बाह्या सरसावा.

लॅपटॉप चालू आहे तोवर त्याच्या खालच्या बाजूचा मॉडेल क्रमांक टिपून घ्या. बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवर तो टाका आणि निदान वाय-फाय, चिपसेट, टचपॅड आणि स्टोरेज यांचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मुलांना माहीत असलेला आणखी सोपा मार्ग म्हणजे विंडोजमधली ‘पीएनपीयूटिल’ ही आज्ञा. बाहेरून घातलेले ड्रायव्हर ती एका फोल्डरमध्ये काढून देते. ते फोल्डर जपून ठेवा.

दुसऱ्या, निदान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून विंडोज घ्या. या पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं, म्हणून तो रिकामाच घ्या.

बॅकअपची डिस्क लॅपटॉपपासून काढून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. इन्स्टॉल करताना डिस्कची नुसती यादी येते, आणि रात्री अकरा वाजता डिस्क ० आणि डिस्क १ सारख्याच दिसतात.

लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करायला चालू होताना एक कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. कळफलक निवडताना ‘यूएस’ घ्या. कॅनडाचा बहुभाषिक कळफलक चुकून निवडला गेला की प्रश्नचिन्हाच्या कळीतून टोपीवालं फ्रेंच अक्षर निघतं, आणि कीबोर्ड बिघडला म्हणून लोक दुकान गाठतात. किल्ली विचारली तर ‘माझ्याकडे किल्ली नाही’ हा पर्याय निवडा आणि आधी होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो घ्या.

अकराव्या पिढीच्या किंवा त्यापुढच्या इंटेल लॅपटॉपवर कधी कधी डिस्कच दिसत नाही. घाबरू नका, डिस्क मेलेली नाही, फक्त दुभाषा नाही. ‘लोड ड्रायव्हर’ दाबून पेन ड्राइव्हवरचा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर दाखवा, डिस्क दिसू लागेल.

पिवळे त्रिकोण

विंडोज सुरू झाली की आधी इंटरनेट. वाय-फाय नसेल आणि ड्रायव्हरही बरोबर नसेल, तर राउटरला वायर लावा. तीही नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं. मग विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा, मधे रीस्टार्ट करा. ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्येही ड्रायव्हर दडलेले असतात.

त्यानंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. जिथे दुभाषा नाही तिथे पिवळा त्रिकोण दिसतो. आधी उतरवलेल्यांतला चिपसेटचा ड्रायव्हर सगळ्यांत आधी घाला, कारण बाकीचे त्याच्या जिवावर चालतात. मग उरलेले. आज्ञेने काढलेलं फोल्डर असेल तर ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये ते फोल्डर दाखवलं की पुरे.

‘अननोन डिव्हाइस’ असं काही उरलंच तर त्याचे गुणधर्म उघडून ‘हार्डवेअर आयडी’ बघा. त्यात ‘व्हेन’ या अक्षरांपुढे कंपनीचा आकडा असतो. इंटेलचा आकडा ८०८६, त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचं नाव. ग्राफिकच्या चिपपुढे १००२ दिसला तर थोडा अभिमान बाळगा. हा आकडा एटीआय या कंपनीचा. ती १९८५ मध्ये आपल्या टोरांटो परिसरात सुरू झाली आणि मार्कममध्ये वाढली. २००६ मध्ये एएमडीने ती विकत घेतली, पण त्यांच्या ग्राफिक चिपांवर आजही मार्कमचा तोच १००२ आहे. कंपनीचा आणि त्यामागचा उपकरणाचा आकडा शोधला की कोणता ड्रायव्हर हवा ते कळतं.

‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारे प्रोग्रॅम मात्र घेऊ नका. कंपनीची साइट आणि विंडोज अपडेट यांपलीकडे कुठेही जायची गरज पडत नाही.

मराठी पुन्हा घरी आणा

सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेज’खाली मराठी जोडा. जुन्या फाइली मंगलमध्ये लिहिलेल्या असतील तर हे लगेच करा. आताच्या विंडोजमध्ये नेहमीचा देवनागरी फॉन्ट ‘निर्मला’ आहे, मंगल हा जास्तीच्या फॉन्टांच्या संचात गेला आहे. मराठी जोडली की तो संच येतो आणि पानांची मांडणी पूर्वीसारखी होते.

कळफलक दोन आहेत. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे. शिकायला आठवडा जातो, पण एकदा आला की गुजराती, कन्नडसुद्धा त्याच कळांवर लिहिता येतं. दुसरा ‘मराठी फोनेटिक’, जो विंडोजमध्ये २०१९ पासून आहे. रोमनमध्ये उच्चार लिहायचा, देवनागरी उमटते. विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. पूर्वी अनेक जण गूगलचं विंडोजसाठीचं इनपुट टूल वापरत. त्याचं अधिकृत डाउनलोड बंद झालं आहे. ते कुठल्याशा अनोळखी साइटवरून आणू नका, फोनेटिक कळफलक तेच काम करतो.

दोन सावधगिऱ्या

विंडोज १० च्या निमित्ताने “मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय” असे फोन येतील. बोलणारा कदाचित आपल्याच उच्चारांत “काका” म्हणेल. मायक्रोसॉफ्ट असा आपणहून फोन करत नाही. फोन ठेवा, आणि त्याला यंत्रात शिरू दिलं असेल तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार नोंदवा.

आणि यंत्राला निवृत्तीच द्यायची असेल, तर कचऱ्यात टाकू नका. कॅनडात १९९३ पासून ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स’ ही योजना चालू आहे. दान आलेले संगणक दुरुस्त करून शाळा, वाचनालयं आणि गरजू कुटुंबांना दिले जातात. देण्याआधी डिस्क पूर्ण पुसा. त्याआधी वरची यादी, हे आता सांगायला नको.

तरुण वाचकांसाठी

तुमच्यापैकी जे मराठी सावकाश वाचतात, त्यांनी एवढा एक परिच्छेद वाचला तरी चालेल. आईबाबांचा किंवा आजी-आजोबांचा लॅपटॉप पुसण्याआधी त्यांना शेजारी बसवा आणि विचारा: “यात मराठीत लिहिलेलं काय काय आहे? मला दाखवा.” विचित्र रोमन अक्षरांची फाइल दिसली तर ती डिलीट करू नका. ती करप्ट नाही. तिला तिचा फॉन्ट हवा आहे. तिची पीडीएफ करा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. आज वाचता येत नसेल तरी ठेवा. संगणकाचं सगळं काम तुम्ही आमच्यापेक्षा झटपट कराल. ती फाइल कोणती हे मात्र फक्त आम्ही सांगू शकतो, आणि तेही विचारलंत तर.

पुढच्या अंकात पासवर्डांविषयी लिहीन. तोवर फराळ जपून खा, आणि बॅकअप दोन ठेवा. शुभ दीपावली!